गळ्याची शपथ

आई,

मी मनूचा हात ओढला आणि माझ्या गळ्यावर दाबून धरला. "शपथ घे. कुणाला सांगणार नाहीस. मामाला तर नाहीच." तिनं हात सोडवला. मी पुन्हा धरला. "सांगितलंस तर माझं मेलं तोंड बघशील."

"आधी शपथ सुटली म्हण," ती म्हणाली.

मी तिच्या थोबाडीत मारली.

सतरा वर्षांची आहे तुझी नात. तू न पाहिलेली. तिला मी कधी बोट लावलं नव्हतं. ओठ दातावर आपटून फुटला. ओढणीनं रक्त पुसत तिनं विचारलं, "हे असलं कुणी शिकवलं तुला?"

तू! म्हणून लिहितेय. आजच झालं हे, दिवा लावायच्या वेळेला.

मला छातीचा कॅन्सर झालाय. एक नाही, दोन. डावीकडचा दुधाच्या नळीतला, उजवीकडचा दुधाच्या ग्रंथीतला. एकीकडचा दुसरीकडे पसरला, असंही नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर दोन गोल काढले आणि मधे रेघ मारली. "दोन्ही वेगळे. एकमेकांशी संबंध नाही. एकाच वेळी सापडले, एवढंच." एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मी विचारलं, "आधी कुठली बाजू कापणार?" त्या म्हणाल्या, "दोन्ही एकदम."

दोन कुत्र्यांनी दोन बाजूंनी धरावं तसं झालं. ओरडायचं कुणावर?

मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "घरात आधी कुणाला होता? आईला? रक्ताची तपासणी करावी लागेल. घराण्यात असेल तर मुलीलाही जपायला हवं."

मी म्हणाले, "आई काविळीनं गेली."

बावीस वर्षं झाली, आई! मनू शेजारी बसली होती. बाई 'कावीळ' लिहीत होत्या आणि मी नुसती बघत होते.

आठवतं तुला? दिवाळीची ऑर्डर होती. तू उखळापाशी शेंगाचटणी कांडत होतीस. घाम पुसायला पदर काढलास आणि मला छातीवरची गाठ दिसली. लिंबाएवढी.

"गाठ न्हाय गं सुमे. कांडून कांडून मांस घट्ट झालंय. पैलवानाचं दंड बघितलं न्हाईस व्हय?" आणि हसलीस.

मी दादाला सांगते म्हणाले. तुझं हसू गेलं. मुसळ टाकून तू माझं मनगट धरलंस, हात तुझ्या गळ्यावर दाबलास. "माज्या गळ्याची शपथ हाय. कुणाला सांगशील तर माजं मेलं तोंड बघशील." तुझ्या हाताला तिखट होतं. माझं मनगट दोन दिवस जळत होतं.

"सुटली म्हण," मी रडत होते.

"दिवाळी होऊ दे की. मग म्हंते."

कुठली दिवाळी, आई? दोन होऊन गेल्या. गाठ फुटली. तू चोळीत चिंध्या कोंबत होतीस, मी त्या मागल्या दारी जाळत होते. चटणीच्या वासात तो वास दबायचा. मग तुझे डोळे पिवळे झाले. दादा होटगीच्या एका बाईकडून काविळीचं औषध आणायचा. डोकं उचलून वाटी तुझ्या तोंडाला लावायचा. मी दारात उभी. शपथ पाळत.

पाळली ना मी? तरी मेलं तोंड बघितलंच की!

आणि 'सुटली' न म्हणताच गेलीस. जिवंत पोरीला असं बांधून कुणी जातं का गं?

मनू आत गेली तेव्हा मी कोपऱ्यातलं तुझं मुसळ उचललं आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोवर घातलं. दुसऱ्या घावाला काखेत कळ आली. तरी तिसरा घातला. फोटो खाली पडला. तुझा गाल फाटलाय. मला बरं वाटलं. माफी मागणार नाही.

आतून मनूचा आवाज आला. "आई, अनवाणी आहेस. हलू नकोस, झाडू आणते."

फुटलेल्या ओठानं. मी तिथंच खाली बसले. तिनं माझ्या पायांभोवतीची काच झाडली, वर पाहिलं नाही. तेव्हाही माझ्या तोंडून तो एक शब्द निघाला नाही. तुझीच लेक!

आता ऐक. ही वही मिटली की मी मनूला 'सुटली' म्हणणार. सकाळी दादाला सांगणार, मग डॉक्टरीणबाईंना. तुझी शपथ मोडणार. काय होईल? तू पुन्हा मरू शकत नाहीस. आणि मी मेलेच, तर ते मनूच्या हातून झालं असं तिला वाटणार नाही. हे वचन. कुणाच्या गळ्याला हात न लावता दिलेलं.

तुझी,
सुमी

सकाळी सात वाजता दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईचं मला म्हाईत होतं, सुमे. माजाबी हात गळ्याला लावून घेतला होता तिनं." नऊ वाजता आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. फॉर्मवरची 'कावीळ' खोडली.