आप्पांचा अंमल

मार्गशीर्ष शुद्ध ६, शके १८३४. धर्मापुरी

एक कोडे कुणाच्याही लक्षात आले असेल. अफू खाणाऱ्यास दुसऱ्या अफूबाजाची फजिती सांगा — पोट धरून हसतो. 'आपलेही असेच,' म्हणा — तोंड फिरवतो!

माझे थोरले बंधू आप्पा पंधरा वर्षे अफू खातात. कौशल्यावहिनी दिवाळीपासून माहेरी, बीडला. निरोप स्पष्ट आहे: अफू सुटल्यावाचून उंबरा ओलांडणार नाही. काल आप्पांनी आपण होऊन डबी माझ्या हाती दिली. संक्रांतीपर्यंत सोडायची. वैद्य बबनराव म्हणाले, एकदम तोडू नका, गोळी बारीक करीत न्या. तेव्हा क्रम ठरवला — आज हरभऱ्याएवढी, मग तूर, मूग, शेवटी तीळ.

शुद्ध ११

तूर. तिसऱ्या प्रहरी तलफ येते. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पायांत गोळे. मी उपदेश केला, हे चुकले. आप्पा म्हणाले, "मास्तर, पाय माजं दुखत्यात. बोलून बोलून तुजं तोंड कावून दुखत न्हाई?" मला हसू आले, त्यांनाही आले. घटकाभर पायांचा विसर पडला. नोंद घेण्याजोगी गोष्ट!

वद्य ४

मूग. आता रोज तलफेच्या वेळी शेजारची बायनाबाई येऊन बसते. गावाच्या सगळ्या फजित्या तिला तोंडपाठ. माझे अनुमान असे: तलफ तापासारखी चढते आणि उतरते, मधली घटका निभावली की झाले. हसणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या अंगावरून उठते, आणि तलफेस तर तेच लक्ष हवे असते.

मात्र स्वतःवर आप्पा हसत नाहीत. अफूच्या तारेत बैल समजून ते खांबापुढे कडबा टाकत बसले होते, ती गोष्ट बायनाबाईने काढली, तर उठून गेले.

वद्य ९

वाईट दिवस. डबी मागितली. दिली नाही. जेवले नाहीत.

वद्य १२

मोमिनाबादेहून तालुक्याचे नवे साहेब आले. चावडीत सारा गाव. गाव सरकारी की जहागिरीचे, हे त्यांना जाणायचे होते. विचारले, "यहाँ किसका अमल है?" आता अंमल राज्याचाही असतो आणि नशेचाही! आप्पांना वाटले, कुणीतरी चुगली केली. हात जोडून उभे राहिले —

"हुजूर, पंधरा वर्सं अफूचा व्हता. आता तिळाएवढा ऱ्हायलाय."

साहेबांनी कारकुनाकडून अर्थ समजून घेतला आणि डोळ्यांना रुमाल लावून हसले. चूक उमगताच आप्पाही — स्वतःवर! घरी येईतो थांबेनात. खांबाची गोष्ट त्यांनीच बायनाबाईला पुन्हा सांगितली, वर भर घालून: "खांब खाईना, म्हनून त्याला लई शिव्या दिल्या."

पौष शुद्ध ७. संक्रांत

चार दिवस गोळी नाही. तीळ फक्त लाडवांत! दुपारी वहिनी आल्या. उंबऱ्याशी थांबून विचारले, खरेच सुटली का. आप्पा म्हणाले, "खांबाला इचार." त्या हसतच आत आल्या.

शुद्ध ८

जेवताना वहिनींनी माझ्या तपकीर ओढण्याची नक्कल केली. चिमूट, शिंक, धोतरावरचा डाग, सगळे हुबेहूब. घर हसले. मी रागाने पानावरून उठलो.

परीक्षा सोपी आहे. आपल्याला जे सुटत नाही, त्याची नक्कल घरच्यांना करू द्यावी आणि हसू येते का पाहावे. मला आले नाही. उद्या पुन्हा करा, असे वहिनींना सांगितले आहे.