बॉनेटवरची तीन बोटं

मी, गुरुपादप्पा शिवलिंगप्पा हालकुडे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा कापडाचे दुकान, हल्लीचा धंदा घरची गाडी धुणे, राहणार लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी बसम्मा पलीकडे शेंगा फोडत बसली आहे आणि मधूनमधून "झालं का न्हाई अजून?" असं विचारते आहे, तो दबाव धरू नये. तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण जाण्याची घाई नाही. वकील नागसेन म्हणाले, माणूस धडधाकट असतानाच लिहिलेलं बरं, म्हणून लिहितो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करायलाही काही नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतल्या ठेवी माझ्या पश्चात बसम्माच्या, आणि तिच्या पश्चात आमचा एकुलता मुलगा चि. उमाशंकर याच्या. मुलगा गुणी आहे. हैदराबादला नोकरी करतो, दर रविवारी फोन करतो. त्याच्याविषयी माझी एकच तक्रार आहे. त्यानं मागं ऑनलाइन चकाकीचा फवारा मागवला आणि मी झोपलो असताना डॅशबोर्डवर, सीटवर आणि वर स्टिअरिंगवरसुद्धा मारला. संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारात वळण घेताना बसम्माचे हात सटकले. एका केळीवाल्याचं नशीब बलवत्तर, दुसरं काय. स्टिअरिंगला आणि पेडलला चकाकी लावायची नसते, ओल्या फडक्यानं पुसायचं असतं, हे मी त्याला सांगितलं, तर म्हणतो बाटलीवर तसं लिहिलेलं नव्हतं. ती उरलेली बाटली मी जपून ठेवली आहे. तीही त्यालाच देण्यात यावी.

कलम २. गाडी. निळी गाडी बसम्माला. खरं तर ती आजही तिचीच आहे. माझे गुडघे गेले तेव्हा हिनं अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकून घेतली. लोक हसले. आज तेच लोक चाकूरच्या लग्नाला जायला आमच्या दारात उभे राहतात. ती चालवते, मी धुतो, आणि आमच्या संसारात याहून बरी वाटणी झालेली नाही.

कलम ३. गाडी धुण्याचे सामान. दोन बादल्या, माती खाली अडवणाऱ्या बादलीच्या तळाच्या जाळ्या, शाम्पू, रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी क्लेची वडी, वॅक्स आणि फडके. हेही बसम्माला, पण पुढील सूचनांसह. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडका आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा, म्हणजे काढलेली माती परत गाडीवर जात नाही. भांड्यांचा साबण वापरायचा नाही, तो वॅक्स खाऊन टाकतो. आमच्या बोरचं पाणी जड आहे, उन्हात वाळलं की पांढरे डाग सोडतं. म्हणून शेवटचं पाणी एसीचं. एसीच्या नळीखाली मी बादली ठेवतो, त्या पाण्यात क्षार नसतात. लातूरला पाणी वाया घालवणाऱ्याला मी माणसात धरत नाही. उन्हाळ्यात शाम्पू बाजूला ठेवून बिनखंगाळीचं औषध, म्हणजे जे नंतर पाण्यानं धुवावं लागत नाही ते, एका बादलीत घालावं, तेवढ्यात अख्खी गाडी होते.

फडक्यांबद्दल दोन शब्द. मी जन्मभर कापड विकलं, पण मायक्रोफायबर कळायला मला म्हातारपण लागलं. विकत घेताना तो हाताच्या पाठीवर फिरवून बघायचा. सुताला हात अडकल्यासारखा वाटला पाहिजे. काठाला टणक शिवण नको, कोपऱ्यात टोचणारं लेबल नको. गाडीच्या सामानाचे दुकानदार आणि माझे दोस्त हनीफभाई यांनी मला एकदा साधं पॉलिस्टर मायक्रोफायबर म्हणून दाखवलं. कापडवाल्याला! मी ते त्यांच्याच काउंटरवर पसरून सांगितलं की या फडक्यावर पाणी टाका, नुसतं घरंगळून जाईल. तसंच झालं. तेव्हापासून नवा माल आला की ते आधी मला फोन करतात.

कलम ४. माझे मेहुणे मलप्पा, राहणार चाकूर, यांना दोन नवे फडके. कारण सांगतो. त्यांनी एकदा प्रेमापोटी धुळीनं भरलेली गाडी खांद्यावरच्या रुमालानं कोरडीच पुसून काढली. दारापासून डिकीपर्यंत गोल गोल चरे. मी चार महिने त्यांच्याशी बोललो नाही. आता राग गेला आहे, चरेही बरेचसे गेले आहेत. फडके त्यांनी स्वतःच्या गाडीला वापरावेत. आमच्या गाडीला हात लावू नये.

कलम ५. मला आपल्या लिंगायत रीतीनं बसवून माती द्यावी. त्या दिवशी गाडीला हार बांधायचाच असेल तर दोऱ्यानं बांधावा. चिकटपट्टीचा डिंक रंगावर बसतो.

कलम ६. गाडी घरी आली त्या पाडव्याला बसम्मानं विभूती ओली करून बॉनेटवर तीन बोटं ओढली. पूजा झाली आणि आम्ही तसेच तिच्या माहेरी चाकूरला गेलो. गाडी दिवसभर उन्हात. विभूती बोरच्या पाण्यातली, तिनं रंगावरचा चकाकीचा थरच खाल्ला. रात्री पुसली तर राख निघाली आणि खाली तीन फिक्या रेघा तशाच. मी लई चिडलो. नवी कोरी गाडी. दुसऱ्याच दिवशी हनीफभाईंकडून डाग घासून काढायचं कंपाउंड आणलं, पण दुकानाच्या व्यापात ते राहून गेलं. पुढं बसम्माचं नांदेडला ऑपरेशन झालं. मी कपडे न्यायला एकटा लातूरला आलो. घरात करमेना, म्हणून कंपाउंड घेऊन गाडीपाशी गेलो. तिरप्या उन्हात त्या रेघा दिसल्या. तिची बोटं. मधलं जरा लांब, करंगळीकडचं अर्धवट. माझ्यानं घासवेना. मला रडू आलं, हे इथं लिहून ठेवतो. ती बरी होऊन घरी आली. तेव्हापासून मी पॉलिश करतो, वॅक्स करतो, पण तेवढी ओंजळभर जागा सोडून. सबब माझ्या पश्चात ती जागा कोणीही, केव्हाही घासू नये.

कलम ६ रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

वरचा मजकूर मी बसम्माला वाचून दाखवला. तिला हे काहीच माहीत नव्हतं. तिला वाटायचं, मी आळसानं तेवढं सोडतो. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आवो, तुम्ही गेल्यावर मी काय माझीच बोटं बघत बसू का? ती मला रोजच दिसतात."

मी म्हणालो, मग काय करायचं?

"हे काढा. अन् तुमची लावा."

मी तिला समजावलं की अशानं पुन्हा रंग खराब होईल. ती म्हणाली, होऊ द्या, गाडी माझी हाय, तुम्हीच आता लिहिलं.

म्हणून आज सकाळी सावलीत गाडी धुतली, क्ले फिरवली. कंपाउंडचे थेंब पॅडवर घेतले आणि आडवं-उभं, हलक्या हातानं घासलं. इतकी वर्षं ज्याला हात लावला नाही ते तासाभरात गेलं. बसम्मा जवळ उभी होती. मला वाटलं तिला वाईट वाटेल, पण वाईट मलाच वाटलं. मग तिनं देव्हाऱ्यातून विभूती आणली. मी एसीच्या पाण्याकडे हात नेला तर तिनं मला अडवलं आणि बोरचं पाणी दिलं. तिला सगळं कळतं. मी तीन बोटं बुडवून ओढली. हात थोडा थरथरतो हल्ली. गाडी उन्हात लावली आणि दिवसभर तिला फडका लावला नाही.

संध्याकाळी साक्षीदार आले तेव्हा मी राख पुसली. हनीफभाई बघून म्हणाले, शेठ, हे तर पार वाकडं आलंय, अजून ताजं आहे, दोन मिनिटांत निघेल. मीही तेच म्हणत होतो. बसम्मा पुढं होऊन बॉनेटवर वाकली, त्या रेघांवरून हात फिरवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "हात असाच हाय ह्यांचा."

कलम ७. बॉनेट तसेच राहील. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही न दिलेलं बरं, असं नागसेन वकील सांगतात, म्हणून हनीफभाई यांना काही ठेवलेले नाही. त्यांनी रागावू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करून ठेवले.

ठिकाण : लातूर
दिनांक : १६ मार्च २०२५

सही : गुरुपादप्पा शिवलिंगप्पा हालकुडे

साक्षीदार :
१. हनीफ शेख, गाडीच्या सामानाचे दुकानदार, लातूर
२. नागसेन कांबळे, वकील, लातूर