खारे मासे, साहेबरावाच्या नाकावर टिच्चून

२ डिसेंबर १९६८
शेजारच्या साहेबरावाने पुण्याहून काचेची टाकी आणली. आत लाल मासे. पंचायत समितीत आम्ही समोरासमोर बसतो. मी सीनियर. मासे पाहायला मी गेलो नाही. बायको गेली. दिवे लागले तरी परत येईना. भाकऱ्या गार.

५ डिसेंबर
अंजना रोज जाते. हनुवटीला हात लावून टाकीपुढे बसते म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे अशी कधी पाहत बसली नाही. लाल मासे पाळायला काय अक्कल लागते? नळाखाली टाकी धरली की झालं. मला हेवा वगैरे वाटत नाही. पोटात दुखतंय, पण ते मुळ्याच्या भाजीने.

६ डिसेंबर, सकाळी
आयडिया! समुद्राच्या माशांची टाकी करायची. खाऱ्या पाण्याची. भोरात काय, पुण्यातही कुणाकडे नसेल. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण त्यात विशेष काही नसावं. पाणी अधिक मीठ. बजेट कमी, डोकं भरपूर.

८ डिसेंबर
वाण्याने टाकून दिलेलं काचेचं शोकेस आणलं. उताणं केलं, फटींना मेण लावलं. गळतं. साहेबरावाचीही आधी गळली असणार. बोलत नाही लेकाचा.

१० डिसेंबर
गळायचं थांबलं. खडेमिठाचं पोतं आणलं. किती घालायचं? अंजनाला चाखायला लावलं. थू थू करत म्हणाली, आमटी असती तर उकिरड्यावर ओतली असती. म्हणजे बरोबर जमलं.

११ डिसेंबर
माशांची सोय झाली! महाडच्या एस.टी.चा ड्रायव्हर गेनबा. डेपोत गाठून कानात सांगितलं, महाडहून खारे मासे आण, चांगले बघून. म्हणाला, एवढंच व्हय भाऊसाहेब? भोरात लई जणांस्नी आणून देतो.
लई जणांना! म्हणजे साहेबरावानेही सांगून ठेवलंय. आतल्या गाठीचा माणूस! गेनबाला पाण्यासाठी डबा देऊ लागलो, तर म्हणतो, डबा कशाला, कागदात बांधून आणतो की. जरा चमकलो. पण रोज घाट उतरणाऱ्यापुढे आपण शहाणपण करू नये.

१४ डिसेंबर
उद्या रविवार, उद्घाटन. बीडीओ साहेबांना बोलावलं. साहेबरावाला सहकुटुंब बोलावलं, त्याशिवाय मजा काय? टाकीत नीरेतले गोटे मांडले. अंजनाला म्हटलं, उद्यापासून कुणाच्या दारी जायला नको. ती म्हणाली, बघू.

१५ डिसेंबर
सगळे जमले. टाकीवर चादर. गेनबा वेळेवर आला. त्याच्याआधी वास आला. पुडकं सोडलं. सुके बांगडे! मिठात खारवलेले, चपटे, खडखडीत. मी गेनबाकडे पाहिलं. म्हणाला, आता काय झालं? खारंच मागितलंवतं न्हवं?
बीडीओ साहेब रुमाल नाकाला लावून निघून गेले. साहेबराव हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं. वर म्हणतो कसा, बांगडे एक नंबर आहेत. अंजनाने चुलीत भाजले. तो दळभद्र्या तीन भाकऱ्या जेवला.

१६ डिसेंबर
रजा टाकली. कारण : पोटदुखी.

२२ डिसेंबर
अंजनाने मला न विचारता टाकी ओतली, घासली, उरलेल्या मिठाचं ताजं पाणी केलं आणि हिर्डोशीकडून विकायला आलेले आवळे त्यात सोडले. काचेतून काय दिसतात! गल्लीतल्या बायका बघून गेल्या. साहेबरावाची बायको रतन म्हणाली, आमच्या माशांपेक्षा हेच बरं बाई. शेवटी जिंकलं कोण? मीच.
अंजना आता शेजारी जात नाही. संध्याकाळी घरातच असते. टाकीपुढे, हनुवटीला हात लावून. आज मीही हळूच जाऊन तिच्यासमोर बसलो.
म्हणाली, अहो, सरका जरा. उजेड अडतोय.