मोकळ्या जागेचा मास्टर प्लॅन

१२ जून १९६३, डहाणू
आजपासून डायरी. माझ्याखेरीज कुणी वाचणार नाही, तेव्हा उगाच नम्रपणा नको. विद्यापीठाच्या फेलोशिपवर नगररचनेचं संशोधन करणारे आम्ही चौघे. तिघांनी मुंबई घेतली, मी डहाणू. विषय: ‘उदयोन्मुख शहर आणि त्याचं नेतृत्व’. इथे अजून ग्रामपंचायतच आहे, पण दूरदृष्टी म्हणतात ती हीच. मार्चपर्यंत थिसिस दिला की लेक्चररची जागा माझी, असं गाईड सर म्हणालेत. म्हणजे, नाही असं म्हणालेले नाहीत.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. आठ तास फील्डवर्क.

१३ जून, सकाळी ९.४०
उठलो. पाऊस.

२९ जून
सापडली! किनाऱ्याला लागून, मच्छीमारांच्या वस्तीपुढे भलंमोठं मैदान. एकदम मोकळं. चिखल, दोन कुत्री, कोपऱ्यात रचलेले बांबू, बस्स. गावाच्या ऐन काळजात एवढी जागा पडीक, आणि कुणाला सुचू नये? नकाशावर लाल शाईने लिहिलं: ‘सध्याचा वापर: शून्य’.
इथे सिव्हिक सेंटर होणार. टाउन हॉल, वाचनालय, खुलं नाट्यगृह, मधोमध कारंजं.

६ जुलै
मोजणी केली. चाळीस खुंट्या ठोकल्या. वस्तीतल्या विठाबाई नावाच्या मासळीवाल्या डोक्यावर इरलं घेऊन बघत उभ्या होत्या. काय चाललंय मास्तर, म्हणाल्या. (मी मास्तर नाही, हे दोनदा सांगितलं.) कारंजं समजावून दिलं. त्या म्हणाल्या, इथे आम्ही म्हावरं वाळवतो, आठ महिन्यांचं पोट आहे हे, तुमचं नाट्यगृह बांधलंत तर आम्ही काय तिकिटं चावायची? चारी बाजूंना पाहिलं. एक शेपूटसुद्धा वाळत नव्हतं. भर पावसात मासळी वाळवणार म्हणे! हसू आवरलं नाही. पाऊस तेवढा उघडू द्या, असं म्हणून त्या गेल्या.
नोंद: स्थानिक लोक कल्पनाविलासी आहेत. पण नाट्यगृहाच्या तिकिटांबद्दल उत्सुकता दिसते.

८ जुलै
खुंट्या बेपत्ता. बहुधा कुणाच्या तरी चुलीत. नागरी जाणिवेचा अभाव, प्रकरण दोनमध्ये घालणे.

२२ जुलै
नेतृत्वाची प्रश्नावली. साठ घरं करायची होती, तीन केली. चिखल फार. तिसरं घर विठाबाईंचं. ‘गावात निर्णय कोण घेतं?’ असं विचारलं तर म्हणाल्या, निर्णय कुठे घ्यावा लागतो, काय करायचं ते ठाऊकच असतं. तेवढ्यात दोन बायका भांडत आल्या. विठाबाईंनी सुपातलं निवडता निवडता तंटा मिटवला. मग एक म्हातारे खलाशी होडी कधी लोटू विचारून गेले. फार व्यत्यय. त्यांच्या नावापुढे खूण केली: ‘नेतृत्वाची जाणीव नाही’.

२ ऑगस्ट
सरपंच मोतीरामशेठना भेटलो. खरा नेता! प्लॅन बघून फारच सुंदर, फारच सुंदर म्हणाले. फक्त विठाबाईंच्या कानावर घाला, असं तीन वेळा सांगितलं. तळागाळाबद्दल किती आदर! घालायची गरज अर्थातच नाही.

१५ सप्टेंबर
नकाशा रंगवतोय. मी राहतो ते घर रेल्वेतल्या दशरथरावांचं. ते म्हणाले, पाऊस सरत आला, जागा एकदा परत बघून या. बुकिंग क्लार्क माणूस, त्यांना काय सांगणार? जागा कुठे पळून जाते? नकाशात आहे ना. आज कारंजं निळं केलं.

३० ऑक्टोबर
प्रकरण तीन पूर्ण: ‘लोकांशी सविस्तर चर्चा’. सरांना प्लॅन पाठवला. पहाटे पाचचा संकल्प उद्यापासून नक्की.

१३ नोव्हेंबर
सर परवा स्वतः येताहेत! माझा प्लॅन जागेवर बघणार. लेक्चररची जागा झाल्यातच जमा. कोटाला इस्त्री.

१५ नोव्हेंबर, रात्री ८
लिहायला हात होत नाही. तरी लिहितो, संशोधक आहे.
सरांना स्टेशनवरून थेट नेलं. मैदान नव्हतं. म्हणजे होतं, पण दिसत नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या उंच वलांडी, त्यांवर लाखो बोंबील जोडीजोडीने लटकलेले. खाली जवळा पसरलेला. शे-दीडशे बायका. वास असा की सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. कारंज्याच्या जागी विठाबाई उभ्या होत्या.
‘वापर: शून्य’ म्हणजे हेच का, असं सरांनी विचारलं. हा हंगामी अतिक्रमणाचा प्रकार दिसतो, असं मी म्हणालो. सर विठाबाईंकडे वळले.
मग त्या दोघांचं बोलणं जे रंगलं! वलांड वाऱ्याला आडवी का, विधवेला पाण्याजवळची जागा का, बैलगाडीची वाट कुठून सोडायची, कुणाचं कुटुंब वाढलं तर कोण सरकणार, सगळं विठाबाई सांगत होत्या आणि सर लिहून घेत होते. तीन तास! मला मध्येच पेन्सिलीला टोक करायला सांगितलं. सरपंच हात बांधून मागे उभे.
आशा आहे. प्लॅन वाईट असं सर एकदाही म्हणाले नाहीत. प्लॅनबद्दल काहीच म्हणाले नाहीत.

९ डिसेंबर
सरांचं पत्र. फेलोशिप पुढे चालू राहणार नाही. ‘सविस्तर चर्चा’ नेमकी कुणाशी झाली, हे सवडीने कळवावं असंही लिहिलंय. डहाणूच्या विठाबाईंवर ते स्वतः पेपर लिहिताहेत, दिल्लीच्या परिषदेत वाचणार. माझे आभार तळटीपेत. तळटीप म्हणजे काही कमी नव्हे.
रडलो थोडा. सर्दीही होती.

२० डिसेंबर
ग्रामपंचायतीत ठराव पास: मैदान कायम मासळी वाळवण्यासाठी राखीव. क्षेत्रफळाचा आकडा माझ्या नकाशातून घेतला, कारण आजवर कुणी मोजलंच नव्हतं. संशोधन कृतीत उतरणं म्हणतात ते हेच! मुंबईच्या तिघांपैकी कुणाचा आकडा ठरावात गेलाय?

२८ डिसेंबर
प्रशासनाला अखेर तज्ज्ञाची गरज भासली. दर कुटुंबाची जागा आखून द्यायची आहे, माणूस हवा. विठाबाईंनी माझं नाव सुचवलं, म्हणाल्या, मास्तरला आता जागा माहिती झाली. सरपंचांनी लगेच मान डोलावली. तात्पुरतं काम आहे, पण नगर प्रशासनात थेट प्रवेश! लेक्चरर काय, कुणीही होतं.
उद्या सकाळी सहाला हजर व्हायचं. आखणी विठाबाई करणार, आकडे त्याच वाचणार, चुनाही त्याच टाकणार.
मी टेपचं शून्याचं टोक धरून बसायचं. आणि त्या सांगेपर्यंत हलायचं नाही.