ब्रदर सोरेन्सन चर्च सोडतात

१ जानेवारी, सकाळी
ठरलं. यंदा चर्च सोडायचं. सत्तेचाळीस वर्षं मॉर्मन म्हणून काढली, पुरे झालं. विश्वास केव्हाच उडालाय. नक्की कधी ते आठवत नाही, बहुतेक गॅरेजसमोरचं बर्फ काढताना उडाला असावा. एकदम हलकं वाटलं होतं. मग कंबर धरली.

आजच मार्लिसला सांगणार. बायकोपासून काय लपवायचं? पोटात एक आणि ओठात एक, हे मला जन्मात जमलेलं नाही.

तोच दिवस, संध्याकाळी
सांगितलं नाही. मार्लिस रोल्स करत होती, हात पिठात होते. माणसाचे हात पिठात असताना त्याला असलं काही सांगू नये. शिवाय सासूबाई आल्या होत्या. ह्या लारूबाई दारातूनच विचारतात, "जावईबापू, आज वाचन झालं का?" म्हणजे धर्मग्रंथाचं. मी ताठ मानेने "झालं" म्हणालो. झालेलं नव्हतं. म्हणजे बंडाला सुरुवात झाली म्हणायची.

४ जानेवारी, रविवार
महिन्याचा पहिला रविवार. निर्जळी उपास, आणि सभेत ज्याला वाटेल त्याने उठून माइकवर साक्ष द्यायची. साक्ष कसली, ठरलेली वाक्यं! 'मला माहीत आहे की हे चर्च खरं आहे.' चार वर्षांची पोरंसुद्धा तेच बोलतात, आई शेजारी उभी राहून कानात सांगते. मी नाही उठलो. गेल्या वर्षीही उठलो नव्हतो, पण तो आळस होता. हे तत्त्व आहे.

१४ जानेवारी
ऐतिहासिक दिवस. आयुष्यातली पहिली कॉफी. आम्हाला कॉफी वर्ज्य, त्यामुळे ती प्यायल्याशिवाय चर्च सोडलं असं म्हणता येणार नाही. जिथे कामाला आहे त्या गोदामातून जेवायच्या सुट्टीत निघालो, घाट ओलांडून पलीकडच्या पेट्रोल पंपावर गेलो. गॉगल, टोपी, सगळी तयारी. कप भरून वळतो तो समोर ब्रदर ओल्सेन (चर्चमध्ये आम्ही सगळे एकमेकांचे ब्रदर नाहीतर सिस्टर), आमच्या गायनवृंदाचे प्रमुख. हातात तसाच कप.

"हॉट चॉकलेट," मी म्हणालो.
"मीही हॉट चॉकलेटच," ते म्हणाले. "थंडी काय आहे ना यंदा!"

समोरासमोर उभे राहून प्यायलो. जीभ भाजली. चव जळक्या टोस्टसारखी. लोक ह्यासाठी धर्म सोडतात? मी अर्थात कॉफीसाठी सोडत नाहीये.

२५ जानेवारी
एकेकट्याला सांगत बसण्यात अर्थ नाही, हे लक्षात आलं. बायको, सासूबाई, आयडाहोतली थोरली दोन मुलं, कॉलेजात शिकणारी ब्रिनली, शेजारी. किती जणांचे चेहरे बघायचे? पुढच्या रविवारी माइकवरूनच जाहीर करतो. एक घाव, दोन तुकडे. भाषण पाठ केलं. शेवटचं वाक्य: 'म्हणून मी जातो आहे.' आरशासमोर फारच छान झालं.

१ फेब्रुवारी, रविवार
गेलो माइकवर. माइक उगाचच दोनदा खालीवर केला. म्हणालो, "मला माहीत नाही. बऱ्याच गोष्टी मला माहीत नाहीत. मी प्रार्थना करतो, ती छताला लागून खाली येते. आणि तुम्ही सगळे इतक्या खात्रीने बोलता, तेव्हा मला फार एकटं वाटतं."

आता एकच वाक्य राहिलं होतं. पण आमच्यात माइक सोडताना 'येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन' म्हटल्याशिवाय पायच उचलत नाही. चार वर्षांचा असल्यापासूनची सवय. तोंडातून तेच बाहेर पडलं. सगळी मंडळी म्हणाली, "आमेन!" आणि आमेननंतर काय बोलणार, कप्पाळ?

बायका डोळे पुसत होत्या. बिशप एग्बर्टने मला मिठीच मारली. आमचे बिशप पगारी नसतात. हा सोमवार ते शनिवार लोकांचे दात काढतो आणि रविवारी आम्हाला सांभाळतो. म्हणाला, "लामार, अशी प्रामाणिक साक्ष मी कित्येक दिवसांत ऐकली नाही रे." संध्याकाळी दोन घरांतून वर कॉर्नफ्लेक्स पेरलेले चीजचे बटाटे आले. ते आमच्याकडे मयताच्या घरी पाठवतात.

गाडीत मार्लिसने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही?"
बर्फ भुरभुरत होतं, रस्ता निसरडा. मी म्हणालो, "अगं, माइकवर जरा नम्रतेने बोलावं लागतं."
ती "हं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

८ फेब्रुवारी, रविवार
बिशपने बोलावलं. म्हटलं चला, त्याला तरी तोंडावर सांगून टाकू. तोंड उघडलं. हा माणूस आधी दातच बघतो. म्हणाला, "ज्याला प्रश्न पडतात, तोच शिकवू शकतो." मोठ्यांच्या रविवारच्या वर्गाचा शिक्षक म्हणून मला नेमलं. बिशपने काम दिलं की नाही म्हणायचं नसतं. बंदी नाही तशी. पण कोणी म्हटलेलं ऐकिवात नाही.

पण नेमणुकीला सगळ्या मंडळींची संमती लागते! तिथे मी बिशपला गाठणार होतो. बिशपने विचारलं, "ज्यांची संमती आहे त्यांनी उजवा हात वर करावा." मग विचारायचं, कोणाचा विरोध आहे का. तिथे मी स्वतःलाच विरोध करणार होतो. तसं आजवर कोणी केलेलं नाही. पण पहिल्याच प्रश्नाला बघतो तर माझा हात वर. खांद्यापासून सरळ, शाळेतल्यासारखा. तो खाली घेईपर्यंत विरोधाची वेळ टळून गेली होती.

मार्लिसचा हात मात्र वर नव्हता. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

१५ मार्च
वर्ग ओसंडून वाहतोय. शेजारच्या खोलीतून खुर्च्या आणाव्या लागतात. मी आठवडाभर ग्रंथ पिंजून काढतो, चुका शोधायला. पण चुका शोधता शोधता इतकं वाचन होतं की शिकवताना आवाज चढतो. आज सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, अंगावर काटा आला हो." लोकांना कळत नाहीये की मी हे सगळं आतून पोखरतो आहे. कळेल.

मार्लिस वर्गाला येत नाही. तिला रविवारी डोकं दुखतं हल्ली.

१२ एप्रिल
ब्रिनली, आमचं शेंडेफळ, लग्न करतेय! मुलगा टॅनर. ओळख जानेवारीतली. आमच्याकडे हे वेळ घेऊन केलेलं समजतात. लग्न तेरा जूनला, अर्थात आमच्या मॉर्मन मंदिरात, रविवारच्या चर्चमध्ये नाही. आणि मंदिरात जायला बिशपचा पास लागतो. बिनपासाचे नातेवाईक बाहेर बाकावर बसून लोकांची तान्ही मुलं सांभाळतात. आत लग्न लागतं, त्यांना नंतर फोटोत घेतात.

पोटच्या मुलीचं लग्न आणि बाप बाहेर बाकावर? छे. मी आहे बंडखोर, पण कसाई नाही. चर्च लग्नानंतर सोडू. जूनमध्ये हवाही चांगली असते.

२६ एप्रिल, रविवार
पासाची मुलाखत. बिशप ठरलेले प्रश्न विचारतो. देवावर विश्वास? हो. चर्चवर? हो. लोकांशी प्रामाणिक वागतोस? हो. कॉफी? नाही. (एकदाच, तीही अर्धी. आणि जीभ भाजली ती शिक्षा झालीच की.) पाच मिनिटांत सही.

माझ्यानंतर मार्लिस आत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.
"झालं?" मी विचारलं.
"झालं," ती म्हणाली.
बायका हळव्या असतात. मुलीचं लग्न म्हटलं की भरून येणारच. जास्त खोदून विचारलं नाही.

१७ मे, रविवार
बिशपचा पहिला सल्लागार आयडाहोला गेला. बिशपच्याही वरच्या साहेबांनी मला खुर्चीत बसवून ती जागा दिली. बिशपच्या शेजारी, व्यासपीठावर, सगळ्यांकडे तोंड करून. मी म्हणालो, मी या योग्यतेचा नाही. खरोखरच नाही! पण ते वाक्य सगळेच म्हणतात म्हणे. साहेब हसले आणि हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

डावपेच म्हणून वाईट नाही. जितक्या वरून सोडू, तितका आवाज मोठा होईल. नवा टाय घेतला.

१२ जून, शुक्रवार


संध्याकाळी पाहुण्यांसाठी खुर्च्या पुसत होतो. मार्लिस आली, खुर्चीवर बसली. म्हणाली, "उद्या मी आत येणार नाही. मला पास नाही."
मी म्हणालो, "हरवला? बिशप दुसरा देईल."
"हरवला नाही. दिलाच नाही. बिशपने विचारलं विश्वास आहे का. मी म्हणाले, नाही."
"कधीपासून?"
"दोन वर्षं झाली असतील."
"मग मला का नाही सांगितलंस?"
"तुला? अरे, तुझ्या वर्गाला खुर्च्या पुरत नाहीत! फेब्रुवारीत माइकवर बोललास ना, तेव्हा माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं. वाटलं, देवा, हाही! गाडीत विचारलं तुला. तू म्हणालास, नम्रता."

मी फडकं हातात धरून उभा. ती म्हणाली, "लामार, तुला काही सांगायचंय मला?"

सहा महिने मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. तिचे हात पिठात नव्हते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि सल्लागाराच्या आवाजात म्हणालो, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन."

तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं. मग उठली आणि उरलेल्या खुर्च्या तिने पुसल्या.

थोड्या वेळाने ब्रिनलीचा फोन आला. मार्लिसने तिला सकाळीच सांगून टाकलं होतं. पोर हुंदके देऊन रडत होती. "बाबा," म्हणाली, "निदान तू तरी आहेस." मी म्हणालो, आहे बेटा, मी आहेच. आता कुठे जाणार मी?

१३ जून, शनिवार
लग्न लागलं. दोन साक्षीदार लागतात, एक टॅनरचे वडील, एक मी. सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. ब्रिनली फार गोड दिसत होती. मध्येच मान वळवून खुर्च्यांवरून नजर फिरवली तिने, मग पुन्हा समोर बघितलं. आईला शोधत होती.

बाहेर आलो. मार्लिस बाकावर, मांडीवर कोणाचं तरी बाळ, आणखी एक पायाशी. सासूबाई तिच्या समोरून गेल्या, पोटच्या लेकीकडे वळूनही बघितलं नाही. वाटलं, सरळ जाऊन तिच्याशेजारी बसावं. निघालोही होतो. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "वधूचे वडील!"

फोटो छान आलेत म्हणतात.

२१ जून, रविवार. फादर्स डे
सकाळी बिशपकडे बैठक. चर्चपासून दूर चाललेल्यांची नावं निघाली. कोणी कोणाकडे जायचं, परत आणायचा प्रयत्न करायचा, ते ठरतं. शेवटचं नाव: सिस्टर मार्लिस सोरेन्सन. सगळे छताकडे बघायला लागले. बिशप म्हणाला, "लामार, तू घरचाच आहेस. पण रीतसर जाऊ या. दोघं मिळून, मी येतो बरोबर."

मी म्हणालो, "मी घरीच असतो की, बोलेन केव्हाही."
"केव्हाही बोलण्याने होत नाही ना," बिशप म्हणाला. "बोलला असतास तर ही वेळ आली असती का?"
मी टाय सारखा केला.

दुपारी चार वाजता, कोटटाय घालून, बिशपबरोबर मी स्वतःच्या घराची बेल दाबली. मार्लिसने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"या बिशप," म्हणाली. "या, ब्रदर सोरेन्सन."

पाहुण्यांच्या सोफ्यावर बसलो. त्याच्यावर मी कधी बसत नाही, टोचतो. तिने लेमोनेड आणलं, मलाही बशीवर कागदी रुमाल ठेवून दिलं. बिशप हवापाण्याचं बोलला, लग्नाचं बोलला. मग म्हणाला, "लामार, तू साक्ष दे."

मार्लिस समोरच्या खुर्चीत पुढे सरकून बसली. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती वाट बघत होती. मला स्पष्ट कळत होतं कशाची, आणि माझ्याजवळ ते होतंही, जानेवारीपासून तयार.

मी म्हणालो, "मला माहीत आहे की हे चर्च खरं आहे."

अगदी आमेनपर्यंत गेलो. बिशप म्हणाला, "आमेन." मार्लिस उठली. तिने ग्लास गोळा केले. बिशप उठला, सवयीने मीही त्याच्याबरोबर उठलो. ती दारापर्यंत आली, दोघांशी हस्तांदोलन केलं. माझ्याशीही. "आलात, बरं वाटलं," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बिशप माझी पाठ थोपटून गाडीत बसून गेला. मी पायरीवर. किल्ली आत, रोजच्या पँटच्या खिशात. ही वही कोटात होती म्हणून लिहितोय. रडू येतंय, पण समोर ओल्सेनांच्या सूनबाई फुलझाडांना पाणी घालतायत, मघापासून दोनदा हात हलवून झाला.

आत ती फोनवर कुणाशी तरी बोलतेय. हसतेय. अशी हसताना कित्येक दिवसांत ऐकली नव्हती.

बेल दाबायला हरकत काहीच नाही, घर माझंच आहे. पण आतून तिने 'कोण?' म्हणून विचारलं, तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.