लाइट आल्यावर येणारा वास

खरवई, बदलापूर
ता. २ एप्रिल २०२५

ती. बाबांना,
उन्नतीचा सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर तुमच्या गेलेल्या आवाजाची नुसती फुंकर ऐकू येते आणि मोबाइलवर टाईप करायला तुम्हाला कंटाळा, म्हणून परत कागद. तुमच्याकडच्या सेठच्या केमिकलच्या दुकानाचा टेम्पो बुधवारी-शनिवारी माल घेऊन इथे येतो. त्याचा ड्रायव्हर विक्रांत परतताना पत्र पोचवील आणि वर तुमच्याकडे चहा उकळील, सांभाळा.

सोसायटीचा नवा स्विमिंग पूल पाण्याने भरला. मी ऑपरेटर, म्हणजे पाणी तपासणं, फिल्टर धुणं आणि सगळ्यांचे सल्ले ऐकणं. पूलच्या डोक्यावर एक छोटा गोल स्पा आहे, आत बसायचं कुंड. फिल्टर होऊन आलेलं सगळं पाणी आधी स्पात चढतं आणि तिथून काठावरून खाली पूलमध्ये सांडतं. बघत राहावंसं वाटतं हो! वायरिंग आपल्या मिलिंदचं. त्याच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलं मोठं काम. नवरा म्हणून नाही सांगत, पण पॅनल इतकं नीट बांधलंय की हात लावायची भीती वाटते.

उद्घाटन चौदा तारखेला ठेवलंय, त्यामुळे जयंतीला मी घरी नाही. रागावू नका.

एक विचारायचं होतं. इथे लाइट रोज जाते. परत आली की पंप सुरू होताना स्पापाशी उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. पाच मिनिटांत जातो. नवीन पाइपांचा असेल ना? तुम्ही ॲसिड-क्लोरिनमध्ये जन्म काढलात, म्हणून विचारते.

तुमची खोकल्याची बाटली संपली असेल. आणा.

तुमची लाडकी,
उन्नती


उल्हासनगर कॅम्प २
ता. ५ एप्रिल

चि. उन्नतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं तसा शेजारच्या ठमाबाईंना तुला फोन करायला लावला. लाइट गेली तर पाण्यात कुणाला ठेवू नको, एवढंच सांगायला सांगितलं होतं. त्यांनी पूल फुटला म्हणून सांगितलं असेल, तर तो माझा दोष नाही.

आता नीट वाच. तो वास पाइपांचा नाही. हायपो, म्हणजे पातळ क्लोरिन, सोडणारा एक छोटा पंप आहे आणि ॲसिड सोडणारा एक. मोठा पंप चालू असला की दोन्ही वाहत्या पाण्यात विरून जातात. मोठा पंप बंद पडला आणि हे दोघे चालूच राहिले, तर दोन्ही पाइपात एकत्र साचतात आणि क्लोरिन वायू होतो. लाइट आली की तो सगळा पहिल्या धक्क्यात बाहेर. तूच लिहिलंस की पाणी आधी स्पात येतं. म्हणजे स्पात बसलेल्याच्या तोंडावर! आज नुसता वास आहे, कारण लाइट थोडाच वेळ जाते; जास्त वेळ गेली तर जिवावर बेतेल.

लाइट गेली की त्या छोट्या पंपांवर हात ठेवून बघ. टिकटिक लागली तर ते सोसायटीच्या जनरेटरवर जोडलेत आणि मोठा पंप नाही. जावईबापूंना वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस.

बाटली आहे. माझं सोड.

तुझा,
बाबा


खरवई
ता. ९ एप्रिल

ती. बाबांना,
सविनय जय भीम.

हात ठेवला. टिकटिक लागली.

मिलिंदला सांगितलं तर आधी भडकला, मग भिंतीला टेकून खाली बसला. लाइट गेली तरी पाणी हिरवं पडू नये म्हणून त्याने आपणहून ते दोन पंप जनरेटरवर टाकले होते. कुणी सांगितलंही नव्हतं. चांगलं करायला गेला बिचारा. आता म्हणतो की सेक्रेटरी मीनलताईंना कळलं तर नाव पहिल्याच कामात बुडेल, दुसरी सोसायटी दारात उभं करणार नाही. त्याला लागणारं सामान कॅम्प दोनमध्ये पंधरा तारखेला येणार. मग तो गुपचूप वायर फिरवून टाकील. तोपर्यंत लाइट गेली की मी पंपरूममध्ये जाऊन हाताने दोन्ही बंद करायचे, असं ठरलंय. मी असतेच की तिथे.

बाबा, त्याने माझ्यापुढे हात जोडले. मला नाही बघवलं. चालेल म्हणा ना.

तुमची,
उन्नती


कॅम्प २
ता. १२ एप्रिल

चि. उन्नतीस,
आशीर्वाद.

चालणार नाही.

तुला लहानपणापासून सांगितलं की माझा आवाज घशाच्या दुखण्याने गेला. ते खोटं होतं. अंबरनाथच्या कंपनीत तुझा राजेंद्रमामा माझ्या हाताखाली नवीन लागला होता. त्याने क्लोरिनच्या लाइनीवर जुनाच वॉशर बसवला. मी पाहिलं. साहेबाला कळवलं असतं तर त्याची नोकरी गेली असती आणि तुझी आई माझ्याशी बोलली नसती. म्हटलं, शिफ्ट संपली की मीच बदलतो, तोवर उभा राहतो. मी होतोच की तिथे. रजिस्टरवर सही करायला वळलो, तेवढ्यात वॉशर फाटून वायू सुटला. माझा आवाज गेला. पलीकडच्या शेडमधला शिवराम दोन महिन्यांनी गेला. त्याच्या घरच्यांना वॉशरचं मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. समोरून आले तर रस्ता बदलतो.

हे तुझ्या आईलाही माहीत नव्हतं. आज तुला लिहिलं, कारण दुसरं काही माझ्याकडे नाही. उद्घाटनाआधी सांग. मिलिंदवर माझी माया आहे, म्हणूनच सांगतो.

बाबा


खरवई
ता. १६ एप्रिल

ती. बाबांना,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी शनिवारी मीनलताईंच्या दारापर्यंत गेले आणि बेल न वाजवताच परत आले. माझीच चूक. मारा मला.

सोमवारी पूल गच्च भरला होता. स्पात सहा जण, त्यात मीनलताईंची सात वर्षांची ऋता. मी पंपरूममध्येच होते, पण सत्काराला बोलावणं आलं, गुलाब देणार म्हणून. नाही कसं म्हणायचं? फूल हातात घेतलं आणि लाइट गेली. जनरेटर लागला, माईक चालूच, मीनलताई बोलतच राहिल्या. मिलिंद पंपरूमकडे धावला असणार, असं मी धरून चालले. पाच-सहा मिनिटांनी समोर बघते, तर तो गर्दीत उभा राहून माझा व्हिडिओ काढतोय! त्याला वाटलं, मी कुणाला तरी तिकडे बसवून आलेय.

मी किंचाळले, स्पातून बाहेर या म्हणून. लोक हसले. मी कपड्यांनिशी आत उतरले आणि एकेकाला दंडाला धरून ओढलं. मिलिंद पंपरूमकडे पळाला, पण तो पोचायच्या आत लाइट आली. ऋताला काठावर टाकलं आणि मागे स्पाच्या सगळ्या भोकांतून फसफसून आलं. पिवळट, बाबा. डोळ्यांनी दिसत होतं. ती खूप खोकली. डॉक्टर लगेच आले, आता छान आहे. माझाही घसा धरलाय, तो उतरेल.

मग काय झालं ऐका. मीनलताईंनी रडत रडत माईकवर सांगितलं की नव्या पूलमध्ये असं होतं, आमची ऑपरेटर जागरूक म्हणून वाचलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंद माझ्याकडे बघत होता. गप्प बसले असते, तर तिथेच संपलं असतं. मी माईक मागून घेतला आणि सगळं सांगितलं. वायर कुणी जोडली, मला कधीपासून माहीत होतं, सगळं. मी बोलत असतानाच तो फाटकातून निघून गेला.

पूलला कुलूप लागलंय. माझ्या कामाचं रविवारी मीटिंगमध्ये ठरेल.

मिलिंदचा फोन बंद होता. बेलवलीला त्याच्या आईकडे विचारलं, तिथेही नव्हता. काय काय मनात आलं ते तुम्हाला लिहिणार नाही. काल दुपारी आला. चेहरा उतरलेला, शर्टावर क्लोरिनचे पांढरे डाग. अंबरनाथला एका फार्महाऊसच्या छोट्या पूलला त्याने फेब्रुवारीत अस्संच जोडून दिलं होतं, मला कधी बोलला नव्हता. तिथे गेला होता. मालकाने सोमवारी आत सोडलं नाही, म्हणून फाटकाबाहेर बसून राहिला, सकाळी परत हात जोडले, स्वतःच्या हाताने वायरी उपटल्या आणि चूक आपली आहे म्हणून तोंडावर सांगितलं. मालकाने नको नको ते ऐकवलं. आता या पट्ट्यात त्याला काम मिळणं कठीण.

ताट वाढलं, तर जेवला नाही. एवढंच म्हणाला की बाबांना पत्र लिहिशील, तेव्हा लिही, मी स्वतः जाऊन सांगितलं.

माया आहे तशी दोघांवर असू द्या.

तुमची,
उन्नती