गॅसवाचून तापलेलं

आई, आज भरदुपारी मारुंजीच्या भाड्याच्या खोलीत मी एकटीनंच टाळ्या पिटल्या. शेजारच्या आयटीवाल्या मुलीनं दार ठोठावून विचारलं, "ताई, ओके आहे ना सगळं?" तिला काय सांगणार? हे सांगायचं होतं ते तुलाच, आणि तुला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली.

चाकणची आपली खानावळ आठवते? पहिल्या शिफ्टची पोरं ताटावर बसलीत, मी आमटीच्या पातेल्यात जीव तोडून पळी फिरवतेय आणि गॅसची टाकी केव्हाच संपलीय. पोरं तुला हसून विचारायला लागली, "काकू, आज थंड आमटी का?" तू माझ्या हातातली पळी काढून घेतलीस. "नुसती पळी फिरवून आमटी तापत नसती, बाई. खाली गॅस लागतो." पुढे कंपनीतली पर्मनंट नोकरी नाकारून मी पृथ्वीभोवतीच्या अवकाशाचा अभ्यास धरला, तेव्हा शेजारणींना म्हणालीस, "शिकायली कुठं? पळी फिरवायली नुसती." फार लागलं होतं गं ते. आणि मत न बदलताच तू गेलीस.

पण ऐक ना, तिथं वर पळी फिरवूनच तापतं! सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सुटतो, अशा कणांच्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर तो आपटला की नुसती खळबळ: मोठे भोवरे, त्यांतून लहान, त्यांतून आणखी बारीक. कण इतके विरळ की एकमेकांना सहसा धडकतसुद्धा नाहीत. तरी तापतात, काही तर भन्नाट वेगानं सुटतात! बारीक भोवऱ्यांतली विद्युतक्षेत्रं त्यांना ढकलतात. झोपाळ्यासारखं आहे हे, बरोबर वेळेला धक्का मिळाला की कण उसळतो. उपग्रहांनी मोजलेले आकडे आणि माझं गणित आज जुळलं. जुळलं, आई!

माझ्या संशोधन संस्थेतले सर फोनवर म्हणाले, "उत्तम, आता लिहून काढा." त्यांना पटलं. तू कसली एवढ्यावर ऐकतेस? कमरेवर हात ठेवून विचारलं असतंस, "आन् ती बरोबर वेळ थोड्यांच्याच वाट्याला का यायली? बाकीच्यांनी कुणाचं घोडं मारलंय?" त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे अजून नाही. बरं झालं तू विचारायला नाहीस, असं आत्ता लिहिणार होते. थाप आहे ती. आज मला तुझ्यापुढं निरुत्तर व्हायचं होतं.